संघात यायची बंद झालेली माणसं

(स्मृती व्याख्यानमालेत डोंबिवली येथे दिलेले व्याख्यान)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते सर गणित शिकवायचे, म्हणून सुरुवात दोन आकड्यांनी करतो. २०१७-१८ मध्ये देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशभरातल्या पंचेचाळिशीपुढच्या बहात्तर हजारांहून अधिक माणसांची पाहणी केली. ‘लासी’ या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात साठीपुढच्या लोकांना ठरावीक प्रश्न विचारून नैराश्य तपासलं, तेव्हा ते ८.३ टक्के लोकांना असावं असं दिसलं. ‘डॉक्टरांनी तुम्हाला कधी डिप्रेशन असल्याचं सांगितलंय का?’ या प्रश्नाला मात्र हो म्हणणारे निघाले ०.८ टक्के. दहा जणांना आजार असेल, तर त्यातल्या एखाद्यालाच त्याचा पत्ता आहे.

हे सभागृह भरलेलं आहे आणि बहुतेक डोकी पांढरी आहेत. तेव्हा शंभरात आठ या हिशेबाने आपल्यातले किती, असं काही जण मनात मोजत असतील. तो हिशेब चुकेल. कारण मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे ती माणसं आज इथे आलेलीच नाहीत. त्यांना निमंत्रणपत्रिका पोचली, त्यांनी ती वाचली, आणि ‘तुम्ही जाऊन या, मला आज नको वाटतंय’ असं शेजाऱ्याला सांगून ती घरी बसली आहेत.

मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. स्टेशनच्या पूर्वेला दवाखाना चालवणारा साधा फॅमिली डॉक्टर आहे. पण म्हातारपणातलं नैराश्य आधी येतं ते आमच्याकडेच, आणि येतं तेही दुसऱ्याच नावाने. ‘मी उदास आहे’ असं कुठलीही आजी सांगत नाही. तिचे पाय ओढतात, छातीत धडधडतं, तोंडाला चव नसते, तीन वाजता जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही, पोट साफ होत नाही. आम्ही ईसीजी काढतो, तो ठीक येतो. पित्ताची गोळी देतो, झोपेची देतो. पंधरा दिवसांनी आजी पुन्हा हजर. मग आम्ही मुलाला बाजूला घेऊन म्हणतो, ‘काही नाही हो, वय झालंय.’

‘वय झालंय’ हे एक उत्तर. दुसरं उत्तर समाजाकडे तयार असतं: मुलगा विचारत नाही, सून नीट वागवत नाही. या उत्तरामागे आपल्या रंगभूमीचा मोठा हात आहे असं मला वाटतं. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ १९७० सालचं. जयवंत दळवींचं ‘संध्याछाया’ त्यानंतर थोड्याच वर्षांत आलं. दोन्ही नाटकांनी मराठी मध्यमवर्गाला रडवलं आणि रडवता रडवता एक सवय लावली: म्हातारं माणूस खचलेलं दिसलं की आरोपी शोधायचा, आणि तो घरातच शोधायचा. नाटकाला आरोपी लागतोच, त्याबद्दल तक्रार नाही. पण दवाखान्यात हे चालत नाही. ज्या घरांत मुलगा रोज पाय चेपतो तिथेही वडिलांना नैराश्य येतं, आणि ज्यांची मुलं न्यू जर्सीत आहेत असे कित्येक आजी-आजोबा ठणठणीत असतात. ‘वय झालंय’ म्हटलं की तपासणी थांबते. ‘सुनेमुळे’ म्हटलं की उपचार थांबतात, कारण आता गोळी घेणं म्हणजे सुनेला माफ करणं होऊन बसतं.

आधी शरीराकडे बघू. थायरॉइड मंदावलं की माणूस मंदावतो. बी-१२ कमी झालं की थकवा, विसराळूपणा, चिडचिड. पक्षाघाताचा हलका झटका येऊन गेल्यावर, पार्किन्सनमध्ये, वर्षानुवर्षांच्या मधुमेहात नैराश्य वारंवार दिसतं. गुडघेदुखीने रात्र मोडते आणि मोडलेल्या रात्रींनी मन मोडतं. आणि कान! ऐकू येईनासं झालेला माणूस घरातल्या गप्पांतून आपणहून बाहेर पडतो. दोनदा ‘काय?’ विचारल्यावर तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते. मग तो नुसता हसतो, मग हसायचंही सोडतो. श्रवणयंत्र कपाटात डबीत ठेवलेलं असतं, कारण ‘त्यात खरखर येते’. २०२४ मध्ये लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता किंवा कमी करता येण्याजोग्या चौदा गोष्टी मांडल्या. त्यांत बहिरेपण आहे, एकाकीपणा आहे आणि नैराश्यही आहे. तिन्ही एकमेकांना धरून चालतात. म्हणून खचलेल्या माणसाची पहिली तपासणी रक्ताची आणि कानांची व्हावी. त्याच्या मुलाच्या वागणुकीची चौकशी नंतरही करता येईल.

आता आपल्या गावांविषयी बोलतो, कारण व्याख्यानमालेने मला बोलावलंय ते त्यासाठी. ठाणं आणि कल्याण-डोंबिवली ही रेल्वेने घडवलेली गावं. १८५३ मध्ये गाडी ठाण्यापर्यंत आली, पुढच्याच वर्षी कल्याणला. पण आज जे सत्तरी-ऐंशीत आहेत त्यांची डोंबिवली घडली ती साठच्या दशकानंतर. गिरगावातल्या, दादर-परळमधल्या चाळीतल्या खोलीत मावेनाशी झालेली कुटुंबं इथे ‘ब्लॉक’ घ्यायला आली. नोकरी फोर्टात, चर्चगेटला, बॅलार्ड इस्टेटला. रोज जाऊन-येऊन तीनेक तास गाडीत. या प्रवासावर आपण भरपूर विनोद केले आणि भरपूर रडलो. पण एक गोष्ट निवृत्तीपर्यंत लक्षात येत नाही: या माणसांची मैत्री इमारतीत नव्हती, ती गाडीत होती.

ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेलं दार. कुणाला कुठे चौथी सीट द्यायची हे ठरलेलं. मुलीचं लग्न ठरलं की पेढे आधी डब्यात वाटले जात. वडील गेले तर ग्रुपमधले चौघे स्मशानात हजर. दसऱ्याला डब्याला तोरण, पूजा, प्रसाद. काही डब्यांत टाळांवर भजन. ही तीस-पस्तीस वर्षांची रोजची संगत असते, आणि ज्या दिवशी पास संपतो त्या दिवशी ती संपते. निरोप समारंभ ऑफिसात होतो, शाल-श्रीफळ तिथे मिळतं. गाडीतल्या ग्रुपकडून मिळालेलं घड्याळ घरी भिंतीवर लागतं. पहिले चार-सहा महिने गृहस्थ बँकेची कामं काढतो, फडके रोडला फेरी मारतो, पै फ्रेंड्स लायब्ररीतून पुस्तकं आणतो. मग कळतं की आपल्या जिन्यात राहणाऱ्या माणसाचं पहिलं नावही आपल्याला माहीत नाही. सकाळी अंधारात निघून रात्री अंधारात परतणाऱ्या माणसाला शेजार कुठून माहीत असणार? बायकोला माहीत असतो, कारण पाणी, दूध, गॅस, शाळा या सगळ्या व्यवहारांतून तो तिने जोडलेला असतो. म्हणूनच आमच्याकडे बायको गेल्यावर पुरुष जसे कोसळतात, तशा नवरा गेल्यावर सगळ्याच बायका कोसळत नाहीत. बायकोबरोबर त्याचा अख्खा शेजार जातो.

याचा अर्थ बायका सुरक्षित आहेत असा घेऊ नका. नैराश्य त्यांच्यात पुरुषांपेक्षा जास्तच आढळतं, फक्त त्यांची वाट वेगळी. मुलगा आणि सून सकाळची गाडी धरतात. नातवाला उठवणं, डबा, शाळेची बस, दुपारचं जेवण, क्लास हे सगळं आजी करते. गुडघे बोलतात, पण दिवसाला आकार असतो. नातू नववी-दहावीत जातो, त्याच्या हातात मोबाइल आणि घराची चावी येते. त्या वर्षी आजी दवाखान्यात दिसू लागते. कुणी तिच्याशी वाईट वागलेलं नसतं, तिचं काम तेवढं संपलेलं असतं. पुरुषाच्या निवृत्तीची तारीख कागदावर असते, निरोप समारंभ असतो. आजीच्या निवृत्तीची नोंद कुणी घेत नाही, ती स्वतःही नाही.

पैशाविषयी थोडक्यात, पण ते टाळता येणार नाही. बँकेतून, रेल्वेतून, सरकारी खात्यातून निवृत्त झालेल्यांचं म्हातारपण आणि कारखान्यातून बाहेर पडलेल्यांचं म्हातारपण यांत फार अंतर आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झालं आणि त्याचं पहिलं पाऊल ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पडलं. ठाणं-कल्याण पट्ट्यातले कितीतरी कारखाने नंतर बंद झाले. मोहने-आंबिवलीची एनआरसी कंपनी २००९ मध्ये बंद पडली आणि हजारो कामगारांची देणी वर्षानुवर्षं लोंबकळली. देणी मिळायची वाट बघत त्यातले बरेच म्हातारे झाले. कामगारांच्या ईपीएस-९५ योजनेत किमान पेन्शन २०१४ पासून महिना एक हजार रुपये आहे. हजार रुपयांत रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या येतील, मानसोपचारतज्ज्ञाची फी बसणार नाही. अशा माणसाला ‘सकारात्मक विचार करा’ असं सांगणं मला असभ्यपणाचं वाटतं.

पैशानंतर आता इमारतीकडे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत डोंबिवलीत, कल्याणला, ठाण्याच्या नौपाड्यात ज्या इमारती झाल्या त्या तीन-चार मजल्यांच्या आणि बिनलिफ्टच्या. पस्तिशीत तिसरा मजला हवेशीर वाटला, बाराशे-पंधराशेचा फरक वाचला. पंचाहत्तरीत तोच मजला तुरुंग होतो. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या बाई आठ-आठ महिने खाली उतरत नाहीत. भाजी दोरीच्या पिशवीतून वर येते, औषधं घरपोच येतात, आणि सगळी सोय झाली म्हणून घरचे निश्चिंत असतात. जिन्याच्या शहात्तर पायऱ्या कुठल्याही रिपोर्टात दिसत नाहीत. आम्ही डॉक्टरही विचारत नाही, ‘शेवटचं खाली कधी उतरलात?’ रक्तदाब विचारतो तसा हा प्रश्न विचारायला हवा.

मग पुनर्विकास येतो. लिफ्ट मिळणार, स्वप्न पुरं होणार. पण चावी मिळेपर्यंत तीन-चार वर्षं भाड्याच्या घरात काढायची असतात आणि जुने शेजारी चार दिशांना पांगतात. कुणी पलावात, कुणी टिटवाळ्यात, कुणी मुलीकडे. तिशीतल्या माणसाला तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं. अठ्ठ्याहत्तरीचा माणूस विचारतो, ‘तोवर मी असेन का?’ या प्रश्नाला बिल्डरच्या करारनाम्यात कलम नाही. आणि ज्यांच्या नशिबी पुनर्विकासही नाही त्यांचं काय? २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. कायद्याची बाजू न्यायालयाने पाहिली. पण फंडाचे सगळे पैसे घालून तिथे घर घेतलेल्या माणसाच्या रात्री कशा जातात, हा सार्वजनिक आरोग्याचाही प्रश्न आहे.

ठाण्यात घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये लिफ्ट आहे, बाग आहे, बाकडीही आहेत. तिथल्या आजी-आजोबांची गोष्ट निराळी. नाशिकहून, सांगलीहून, नागपूरहून मुलाकडे आलेले. गावात त्यांना पोस्टमनपासून डॉक्टरपर्यंत सगळे ओळखत. इथे वॉचमन विचारतो, ‘किस के यहाँ जाना है?’ स्वतःच्याच घरी जाताना हे ऐकावं लागतं.

हे झालं बिघडवणाऱ्या गोष्टींविषयी. सावरणाऱ्या गोष्टींत आपली गावं दरिद्री नाहीत, उलट हेवा वाटावा इतकी श्रीमंत आहेत. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. नौपाड्यात आचार्य अत्रे कट्टा आहे, घंटाळी मित्र मंडळाचे योगवर्ग आहेत. तलावपाळीला संध्याकाळी बाक रिकामा मिळत नाही. वॉर्डावॉर्डांत ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यांचा ‘फेस्कॉम’ हा राज्यव्यापी महासंघ आहे. गणपती मंदिराच्या पुढाकाराने १९९९ मध्ये डोंबिवलीत निघालेली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा इतर गावांनी उचलली, ती याच सार्वजनिक उत्साहाच्या जोरावर.

पण संघांच्या कार्यकर्त्यांना, आणि त्यांतले अनेक समोर बसलेत, मी थोडं बोचणारं बोलणार आहे. आपल्या संघात येतो कोण? ज्याला येता येतं तो. ज्याचे गुडघे चालतात, कान चालतात, ज्याला चारचौघांत बोलता येतं, ज्याच्याकडे इस्त्रीचा सदरा आहे. वाढदिवस, सहल, कोजागिरी आणि महिन्याला एक व्याख्यान: ‘आनंदी म्हातारपणाची सूत्रं’. नैराश्यात असलेला माणूस एकदा असं व्याख्यान ऐकतो. वक्ता सांगतो, ‘आनंद तुमच्याच हातात आहे.’ तो घरी जातो आणि आजाराबरोबर आता अपराधही घेऊन बसतो, की सगळ्यांना जमतं ते मलाच जमत नाही. पुढच्या महिन्यापासून तो येत नाही. आपण म्हणतो, ‘हल्ली दिसत नाहीत, मुलाकडे गेले असतील.’ चहाचे कप तेवढे कमी मागवतो.

दुसरी अडचण आमच्या ठाण्याच्या लौकिकाची. येरवड्यासारखंच ठाण्यातही शंभर वर्षांहून जुनं मनोरुग्णालय आहे. त्यामुळे ‘याला ठाण्याला पाठवायला हवं’ ही थट्टा अख्ख्या मुंबईने पिढ्यान् पिढ्या केली. मी स्वतः लहानपणी ती केलेली आहे. आज ऐंशीत असलेल्या माणसाच्या कानात ते वाक्य पक्कं बसलंय. ‘काका, मनाच्या डॉक्टरांना दाखवू’ म्हटलं की त्याला ते दगडी कुंपण दिसतं. वास्तविक त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये आयपीएच ही संस्था सुरू केली. मनाच्या आरोग्याविषयी मराठी घरांत मोकळेपणाने बोललं जाऊ लागलं, त्यात तिचा वाटा मोठा. कळव्याच्या महापालिका रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे. दार आहे, पण आपण तिथवर जात नाही.

मग मधलं अंतर कोण भरणार? इथे आपल्या शेजारच्या गोव्याचा एक प्रयोग सांगतो, कारण तो मला फार महत्त्वाचा वाटतो. गोव्यात डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठीपुढचे १८१ लोक निवडले. त्यांना पुरतं नैराश्य आलेलं नव्हतं, पण त्याची सुरुवातीची चिन्हं होती. अर्ध्यांना नेहमीची देखभाल. उरलेल्या अर्ध्यांकडे सहा ते आठ वेळा एक साधा, थोडं प्रशिक्षण घेतलेला समुपदेशक गेला. तो मानसोपचारतज्ज्ञ नव्हता. त्याने काय केलं? आयुष्यातल्या अडचणींपैकी एकेक घेऊन तिच्यावर उपाय काढायला मदत केली. झोप सुधारायच्या सवयी सांगितल्या. मधुमेह, सांधेदुखी यांची काळजी कशी घ्यायची ते समजावलं. सरकारी योजनेचा फॉर्म भरायलाही हातभार लावला. वर्षभराने पाहिलं तेव्हा नेहमीची देखभाल मिळालेल्या ९० पैकी १३ जणांना नैराश्य आलेलं होतं, आणि या भेटी झालेल्या ९१ पैकी फक्त ४ जणांना. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. समुपदेशकाच्या कामांच्या यादीत मला सगळ्यात आवडला तो फॉर्म. पेन्शनचा अडकलेला कागद सुटणं हाही उपचार आहे, हे मान्य करायला आम्हा डॉक्टरांना जड जातं.

दुसरा प्रयोग झिम्बाब्वेच्या राजधानीतला, हरारेतला. तिथल्या एका गरीब वस्तीत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ च्या सुमारास चौदा आज्यांना शिकवून दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवलं. खचलेली माणसं येऊन आजीशेजारी बसतात, आजी ऐकते, एक अडचण निवडायला मदत करते, पुढच्या आठवड्याला परत बोलावते. त्याची रीतसर चाचणी झाली आणि परिणाम उत्तम निघाला. इथे आज्या रुग्ण नाहीत, उपचार करणाऱ्या आहेत. आपल्याकडे बाक आहेत, तलाव आहेत, कट्टे आहेत. आणि निवृत्त शिक्षिका, परिचारिका, बँकेतल्या बायका यांची डोंबिवलीत वाण नाही. नातू मोठा झाल्यावर रिकाम्या झालेल्या आजीला आपण भजनी मंडळाशिवाय दुसरं काही सुचवत नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

अर्थात बाकावरच्या गप्पांनी सगळं बरं होत नाही, हेही स्वच्छ सांगतो. दोन आठवडे सतत मन उदास असेल, किंवा नेहमी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटेनासा झाला असेल, तर डॉक्टर हवेत. नैराश्यावरच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. परिणाम दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि आमचे निम्मे रुग्ण दुसऱ्याच आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून त्या सोडतात. बरं वाटायला लागलं तरी त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. उतारवयात डोस कमी ठेवून सुरुवात करतात. काहींचं रक्तातलं सोडियम उतरतं, तोल जातो, म्हणून देखरेख लागते. अचानक विसराळू झालेला माणूस स्मृतिभ्रंशाचाच असेल असं नाही. कधी कधी मूळ नैराश्यात असतं आणि उपचारांनी स्मरण परत येतं.

आणि ‘देव नेत नाही’ हे वाक्य. ते आपल्या घरांत इतकं रुळलेलं आहे की ऐकणारा मान वर करत नाही. पुष्कळदा ते नुसतं सवयीचं असतं. पण ज्याने अलीकडे जेवण कमी केलंय, वस्तू वाटायला काढल्यात, त्याने ते म्हटलं तर त्याच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, ‘जीव नकोसा झालाय का? स्वतःचं काही करून घ्यावं असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने तो बाहेर पडतो. तसं मनात येत असेल तर माणसाला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालते, तिथे मराठीतही बोलता येतं. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे. हे दोन क्रमांक सोसायटीच्या फलकावर थकबाकीदारांच्या यादीशेजारी लावता येतील.

शेवटी संघांच्या चिटणीसांना एक विनंती. या आठवड्यात आपला हजेरीपट काढा. पूर्वी नियमित येणारे आणि गेले तीन महिने न आलेले, अशांची नावं वेगळी लिहा. दोघादोघांनी त्यांच्या घरी जा. सहलीचं आमंत्रण, वर्गणीची पावती काही नेऊ नका. तासभर बसा, झोप कशी लागते विचारा, खाली शेवटचं कधी उतरलात ते विचारा, कुठला कागद अडकलाय का ते विचारा. ज्यांच्याविषयी शंका वाटेल त्यांना जवळच्या कुठल्याही डॉक्टरकडे घेऊन या. माझा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे आणि तिथे लिफ्ट नाही. खालून निरोप पाठवा, मी उतरून येईन.